वाटमाऱ्यांची कीर्ती

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल पाहावयास दूरदूरचे लोक येतात. परंतु १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हाती दिल्यावर येथे अधिकारी म्हणून आलेल्या मेडोज टेलरची आठवण थोड्यांसच असते. तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा तो हाच. त्याची ख्याती मात्र त्यापूर्वीच, १८३९ साली निघालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या पुस्तकाने झाली होती. त्यात अमीर अली नावाचा ठग आपली कृत्ये स्वमुखाने सांगतो. वाचक त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. रुमालाच्या फासात सापडलेले वाटसरू एकामागून एक दृष्टीआड होतात. ज्याच्या तोंडून कथा, त्याच्याकडे मन नकळत झुकते. पुस्तक विलायतेत हातोहात खपले.

पुढे या युक्तीस छायाचित्रांची व वर्तमानपत्रांची जोड मिळाली. अमेरिकेत बॉनी पार्कर व क्लाइड बॅरो हे जोडपे दुकाने, पेट्रोल पंप व बँका लुटीत हिंडत असे. एप्रिल १९३३ मध्ये जॉप्लिन गावी पोलिसांशी चकमक होऊन ते पळाले, तेव्हा मागे राहिलेल्या फिल्ममधून छायाचित्रे निघाली. तोंडात चिरूट, हाती पिस्तूल, मोटारीवर टेकलेला एक पाय, अशी बॉनी देशभर झळकली. २३ मे १९३४ रोजी लुइझियानात पोलिसांनी दोघांस गोळ्या घातल्या. तोवर या टोळीच्या हातून सुमारे तेरा माणसे मेली होती. १९६७ च्या चित्रपटाने त्या दोघांस पुन्हा तरुण केले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ या व्हिडिओ गेमची पहिली झलक निघाली, तीत ल्युशिया व जेसन हे गुन्हेगार जोडपे पाहून अनेकांस बॉनी-क्लाइडच आठवली. पुस्तकात आपण ऐकतो, चित्रपटात पाहतो. खेळात बंदुकीचा चाप आपलेच बोट ओढते.

असा खेळ खेळून मुले दरोडेखोर होतील, असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार निराळी आहे. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, टेक्सासमध्ये ग्रेपव्हाइनजवळ याच टोळीने व्हीलर व मर्फी या दोन पोलिसांस ठार केले. मर्फीचा विवाह अवघ्या काही दिवसांवर आला होता. त्याची वाग्दत्त वधू विवाहाचा पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीस गेली. तेही जोडपेच होते. परंतु त्यांचे नाव कोणास ठाऊक आहे?

आपल्या घरोघरी सांगितली जाणारी वाल्या कोळ्याची कथाही एका वाटमाऱ्याची व त्याच्या पत्नीचीच आहे. नारदाच्या सांगण्यावरून वाल्या तिला विचारतो, ‘माझ्या पापात वाटा घेशील काय?’ ती स्पष्ट ‘नाही’ म्हणते, आणि त्या नकारापासूनच वाल्याचा वाल्मीकी होऊ लागतो. सोबतीण प्रत्येक लुटीत सामील झाली असती, तर वाल्या वाल्याच राहिला असता.

म्हणून नातवंडे असा खेळ खेळत असता वडीलधाऱ्यांनी संतापून यंत्र बंद करू नये. शेजारी बसावे, खेळ पाहावा, आणि मध्येच सहज पुसावे, ‘बाळ, आता तू ज्याला पाडलेस, त्याच्या घरी कोण कोण असेल रे?’