जुने खटके, नवी वायर

जुन्या घराचे वायरिंग नव्याने करताना वायर, फ्यूज आणि प्लगच्या जागा बदलाव्याच लागतात. दिव्याच्या खटक्यांबाबत मात्र थोडी निवड करता येते. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतून साधारण तीन प्रकारचे खटके निघतात. सर्वांत जुने चिनी मातीच्या बैठकीचे, वर पितळी टोपण आणि मध्ये वर-खाली होणारी घुंडी असलेले. त्यानंतरचे काळ्या वा तपकिरी बकेलाइटचे, सागवानी गोल ठोकळ्यावर बसवलेले. तिसरे म्हणजे बोर्डावर ओळीने बसणारे पियानो स्विच. हे आजही नवे मिळतात, तेव्हा जुनेच जपण्यात फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न पहिल्या दोन प्रकारांचा आहे.

या खटक्यांचा मोठा आवाज त्यांच्या रचनेतून येतो. दोन धातूंचा स्पर्श तुटताना मध्ये ठिणगीची कमान तयार होते. ती जितका वेळ टिकते तितके धातू जळतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली यावर उपाय काढला: बोटाने घुंडी कितीही सावकाश दाबली तरी आतली स्प्रिंग एका ठरावीक बिंदूनंतर स्पर्श झटक्यात तोडते. त्या काळी अनेक ठिकाणी डीसी पुरवठा होता. डीसीची कमान सहज विझत नाही. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा एसी प्रवाह मात्र सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो आणि कमान आपोआप विझायला मदत करतो. म्हणून डीसीसाठी घडवलेल्या खटक्यात स्प्रिंग जोरकस आणि तुटल्यानंतरचे अंतर ऐसपैस असते. एसीच्या कामाला ते गरजेपेक्षा दणकटच ठरतात. जुन्या खटक्याच्या बाजूने बोलणारा हा एकच तांत्रिक मुद्दा, पण तो वजनदार आहे.

वायरबाबत असे काही बोलता येत नाही. त्या काळची वायर रबरी आवरणाची, वर सुती विणीची असे. रबरातल्या गंधकाने तांबे खाऊ नये म्हणून तारेला कथलाची कल्हई केलेली असे. काही दशकांत हे रबर कडक होऊन हात लावताच झडते. खटका ठेवायचा ठरले तरी त्यामागे जुन्या वायरचा वीतभर तुकडाही ठेवू नये. जोड नेमका तिथेच दिला जातो आणि आग लागण्याचा धोकाही तिथेच असतो.

खटका उतरवल्यावर आधी चिनी मातीला तडा आहे का ते पाहावे. तडा असेल तर तो खटका बाद. चिकटवून चालत नाही. घुंडी मधेच अडकत असेल तर स्प्रिंग थकलेली असते, आणि थकलेल्या स्प्रिंगचा खटका झटक्यात तुटत नाही. स्पर्शबिंदू काळवंडले असतील तर साफ करता येतात. वितळून खड्डे पडले असतील तर येत नाहीत. बकेलाइट साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावे, पाण्यात बुडवू नये. त्याला पॉलिश पेपर तर मुळीच लावू नये: वरची गुळगुळीत साय गेली की आतला लाकडाचा भुसा पावसाळ्यात दमट हवा शोषतो. शिवाय काही जुन्या बकेलाइटमध्ये भुशाऐवजी ॲस्बेस्टॉस भरलेले असते, त्याची धूळ छातीत जाते.

पितळी टोपण सुटे करून चिंचेने घासले, धुतले आणि पूर्ण वाळवले तर हरकत नाही. अमोनिया असलेले पॉलिश मात्र आतल्या ताणलेल्या पितळी पट्ट्यांच्या जवळ नेऊ नये. ब्रिटिश फौजेच्या भारतातल्या घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण मूत्रातला अमोनिया असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. खटक्यातल्या पट्टीचेही तेच होऊ शकते.

स्वच्छ झालेल्या खटक्याची ५०० व्होल्टच्या मेगरने परीक्षा करावी: खटका बंद असताना दोन टोकांमध्ये, आणि चालू असताना टोके व पितळी टोपण किंवा घुंडी यांच्यामध्ये. काही खटक्यांच्या टोपणाला आतून कागदी वा फायबरचे अस्तर असे; ते गळून पडलेले असेल तर नवे घालावे लागते.

जोडणीच्या वेळी दोन गोष्टींत तडजोड नको. खटका फेजवरच असला पाहिजे. जुन्या जोडण्यांत तो कधी न्यूट्रलवर सापडतो, मग दिवा विझलेला दिसतो पण होल्डर जिवंत असतो. आणि पितळी टोपणाला अर्थिंग हवे. जुन्या घरांत बहुधा अर्थची तारच नसल्याने ती नव्याने ओढावी लागते. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. पूर्वीच्या ३/२२ वायरचा छेद जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर होता. आज दिव्यांना १.५ ची बहुतारी वायर घालतात. जुन्या स्क्रूखाली तिच्या बारीक तारा पसरतात, म्हणून टोकाला लग दाबून घ्यावा.

पाच अँपिअरच्या खटक्यावर दिवे आणि पंखा ठीक. दोन किलोवॅटचा गिझर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो इथे नकोच. एलईडी दिव्यांचा प्रवाह किरकोळ असतो, पण चालू करताना त्यांचे कपॅसिटर क्षणभर अनेक पटींनी प्रवाह खेचतात, म्हणून एका खटक्यावर छताभरचे एलईडी लादू नयेत. जुन्या दोनपिनी प्लगच्या जागा तर सरळ काढून टाकाव्यात: त्यांना अर्थ नाही आणि लहान मुलांच्या बोटांपासून आडोसाही नाही.

परीक्षेत काठावर पास झालेला खटका २३० व्होल्टवर वापरण्यापेक्षा त्याला १२ किंवा २४ व्होल्टवर ठेवून रिले चालवायला लावणे शहाणपणाचे. दिव्याचा खरा प्रवाह मुख्य बोर्डातल्या रिलेतून जातो. इतक्या कमी दाबाला पितळावरचा गंज भेदता येत नाही, तेव्हा स्पर्शबिंदू लखलखीत हवेत आणि १२ पेक्षा २४ व्होल्ट बरे. कमी दाबाच्या तारा आणि २३० व्होल्टच्या तारा एकाच पाइपातून नेऊ नयेत. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि कोणता खटका कोणत्या रिलेचा, याची चिठ्ठी बोर्डाच्या झाकणाच्या आतून चिकटवावी, म्हणजे पुढच्या वायरमनला भिंत फोडून शोध घ्यावा लागत नाही.