शिक्षकाच्या पहिल्या नोकरीचा ताळेबंद

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मांजरसुंबा ओलांडले की पुढे चौसाळा लागते. कुंथलगिरीच्या यात्रेला निघणाऱ्या अनेक कुटुंबांच्या परिचयाचे हे बीड तालुक्यातील बाजाराचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर परिसराची उलाढाल चालते. पाऊस वेळेवर झाला तर उधारी वसूल होते. न झाला तर खतावणीतील नावे पुढच्या वर्षात ओढावी लागतात. अशा गावांतील व्यापारी घराण्यांत पूर्वी मुलाने गादीवर बसावे आणि मुलीने सासर सांभाळावे, यापलीकडे फारसा विचार होत नसे. आज त्याच घरांतील मुले-मुली पदवीनंतर बी.एड. करतात आणि शिक्षकी पेशाकडे वळतात. दुकानाच्या अनिश्चित उत्पन्नाला नियमित वेतनाची जोड मिळावी, ही अपेक्षा त्यामागे असते आणि ती रास्तच आहे.

मात्र नोकरीचा शोध सुरू होताना घरातील पहिला प्रश्न बहुधा असा असतो : “कोणाची ओळख आहे का?” भाड्याने गाळा घेताना किंवा सोयरीक जुळवताना हा प्रश्न उपयोगी पडत असेल. शिक्षकाच्या नोकरीत तो आता चुकीच्या दाराशी नेतो. या शोधाला नव्या दुकानाइतकाच विचारपूर्वक आराखडा लागतो : भांडवल किती, मुदत किती, जोखीम कोठे आणि कागद कोणते.

बदललेली वाट

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक ठरविली. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे शिक्षक भरतीचा निर्णय घेतला आणि डिसेंबर २०१७ मध्ये पहिली ‘शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’ घेतली गेली. जिल्हा परिषदांच्या शाळा आणि खासगी अनुदानित शाळा अशा दोहोंची भरती या प्रणालीतून होऊ लागली. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे. परंतु मुलाखतीस कोण येणार, हे उमेदवाराचे गुण आणि त्याने दिलेला प्राधान्यक्रम ठरवितो.

या वाटेची गती समजून घेतली पाहिजे. पहिल्या चाचणीनंतर दुसरी चाचणी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. २०२३ च्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. तिच्या आधारे २०२४ मध्ये २१,६७८ जागांची भरती जाहीर झाली. संधी वारंवार येत नाही आणि येते तेव्हा गर्दी मोठी असते. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे. एक चाचणी हुकली तर तिची किंमत वर्षांत मोजावी लागते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

पदवी निवडतानाच निम्मा निर्णय

कोणत्या वर्गाला शिकवायचे, हा प्रश्न बी.एड.च्या प्रवेशापूर्वी सुटला पाहिजे. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची डी.एल.एड. ही पदविका आणि टीईटीचा पहिला पेपर लागतो. २०१८ च्या एका अधिसूचनेने बी.एड.धारकांनाही हे वर्ग खुले झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती तरतूद रद्द ठरविली. सहावी ते आठवीसाठी पदवी, अध्यापनाची पदविका वा पदवी आणि टीईटीचा दुसरा पेपर हवा. नववी-दहावीसाठी त्या विषयातील पदवी व बी.एड. लागते. अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. आवश्यक असते.

व्यापारी कुटुंबांसाठी येथे एक विशेष सूचना आहे. आपल्या मुलांचा ओढा वाणिज्य शाखेकडे असतो. बी.कॉम. झाले की लगेच बी.एड. केले जाते आणि मग लक्षात येते की, राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंतच्या नियमित वेळापत्रकात पुस्तपालन नाही. वाणिज्याच्या शिक्षकाचे खरे क्षेत्र अकरावीपासून सुरू होते आणि तेथे एम.कॉम. लागते. ज्याला हिशेबशास्त्र शिकवायचे आहे त्याने पदव्युत्तर पदवी मनात धरूनच वर्षे आखावीत. पुढे वरिष्ठ महाविद्यालयाचा विचार असेल तर नेट किंवा सेट या परीक्षांची तयारी एम.कॉम.च्या काळातच करणे सोयीचे. भाषा, गणित किंवा विज्ञान यांची आवड असलेल्या मुलाला केवळ घरी दुकान आहे म्हणून वाणिज्य शाखेत घालणे, हा शिक्षकी पेशाच्या दृष्टीने तोट्याचा सौदा ठरतो.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता करावयाची आहे. आज दहावी-बारावीत असलेल्या मुलांनी हा बदलही हिशेबात घ्यावा.

गुणांची तयारी

टीईटी आणि अभियोग्यता चाचणी यांतील फरक अनेक घरांत ठाऊक नसतो. टीईटी हे प्रवेशद्वार आहे. १५० प्रश्नांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण मिळाले की उमेदवार पात्र ठरतो आणि ही पात्रता आता आजीवन ग्राह्य आहे. केंद्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे सीटीईटी, हाही पर्याय आहे. तिला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात. म्हणून बी.एड. संपण्याची वाट न पाहता हे द्वार आधीच उघडून ठेवावे.

निवड यादीतील क्रमांक मात्र अभियोग्यता चाचणी ठरविते. १२० मिनिटांत २०० प्रश्न. एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० गुण बुद्धिमत्तेला असतात. गणिती क्षमता, मराठी व इंग्रजी भाषा, वेग आणि अचूकता, क्रमश्रेणी, सांकेतिक भाषा, तर्क व अनुमान असे तिचे घटक आहेत. विषयाचे ज्ञान येथे फारसे विचारले जात नाही. सराव विचारला जातो. गल्ल्यावर बसून तोंडी हिशेब करण्याची सवय असलेल्या मुलांना गणिताचा भाग जड जाऊ नये. इंग्रजी आणि संगणकावर वेळ लावून सोडविलेल्या सराव प्रश्नपत्रिका यांकडे त्यांनी अधिक लक्ष द्यावे. रोज चार तास, दुकानातील हाकांपासून अलिप्त असा अभ्यास वर्षभर झाला तर फरक दिसतो. कुटुंबाने द्यावयाचे खरे भांडवल म्हणजे हे चार तास होत.

कागदपत्रे : एका अक्षराची किंमत

बँकेत खाते उघडताना नावातील एका अक्षराचा फरक जसा अडतो, तसाच भरतीतही अडतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आडनाव, आधारपत्रावर दुसरे आणि विवाहानंतर तिसरे, ही स्थिती आपल्या मुलींच्या बाबतीत नेहमीची. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल आधीच करून ठेवावा. अधिवास प्रमाणपत्र, प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका, पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र यांची एकच धारिका असावी. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असलेल्या आणि अन्य आरक्षण नसलेल्या कुटुंबांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची चौकशी तहसील कार्यालयात करावी. त्याची मुदत मर्यादित असते, हे विसरू नये. ‘पवित्र’वरील स्व-प्रमाणपत्रात भरलेली माहिती मूळ कागदांशी जुळली नाही तर चांगले गुणही वाया जातात.

प्राधान्यक्रम भरण्याची घाई शेवटच्या रात्री करू नये. जिल्हा परिषदेचा शिक्षक त्या जिल्ह्याच्या संवर्गातील असतो आणि आंतरजिल्हा बदलीला बराच काळ लागू शकतो. विवाहयोग्य मुलीच्या बाबतीत हा क्रम म्हणजे तिच्या पुढील आयुष्याचा नकाशाच. तो तिच्याशी बोलून, सोयरीक ठरली असेल तर दोन्ही घरांनी मिळून ठरवावा.

दहा लाखांचा हिशेब

आता त्या विषयाकडे वळावे, ज्यावर घरोघर दबक्या आवाजात बोलले जाते. एखादा मध्यस्थ सांगतो की अमुक संस्थेत जागा आहे, इतकी रक्कम द्यावी लागेल. बाप प्लॉट विकायला निघतो. आई पाटल्या काढून देते. नीती आणि कायदा यांच्या कसोटीवर हा व्यवहार निषिद्ध आहेच. तो व्यापाराच्या कसोटीवरही उतरत नाही.

समजा, दहा लाख रुपये दरमहा शेकडा दीड रुपया व्याजाने उचलले. महिन्याचे व्याज १५ हजार रुपये झाले. नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून जातात. १ जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये आहे. प्राथमिक शिक्षकाच्या हाती व्याज भागवून एक हजार रुपये उरतात. मुद्दल तसेच उभे. तीन वर्षांचे संपूर्ण मानधन एकत्र केले तरी ५ लाख ७६ हजारच होते.

हा झाला जागा खरी असल्याचा हिशेब. पुष्कळदा जागाच खरी नसते. खासगी शाळेतील पद विद्यार्थिसंख्येनुसार होणाऱ्या संचमान्यतेत मंजूर असावे लागते, बिंदुनामावलीत बसावे लागते, नियुक्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळावी लागते आणि वेतनासाठी शालार्थ प्रणालीत नाव यावे लागते. यांतील एक कडी तुटली तर शिक्षक वर्गात उभा राहतो, हजेरीपटावर सही करतो आणि वर्षानुवर्षे वेतनाविना राहतो. दिलेल्या रकमेची पावती नसते. म्हणून परत मागण्याची वाटही नसते.

परीक्षेच्या आडमार्गाचा शेवटही महाराष्ट्राने पाहिला आहे. २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आले आणि २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी पैसे मोजले त्यांचे पैसे गेले, प्रमाणपत्र गेले आणि नावही गेले.

जमीन विकत घेताना व्यापारी सातबारा पाहतो, फेरफार तपासतो, बोजा आहे का ते विचारतो. नोकरीचा प्रस्ताव आला की तीच चौकशी करावी : पद संचमान्यतेत आहे का? अनुदान पूर्ण, अंशतः की शून्य? जाहिरात ‘पवित्र’वर आहे का? नसल्यास कोणत्या नियमाने? पूर्वीच्या नियुक्त्यांना मान्यता मिळाली का? या प्रश्नांची लेखी उत्तरे देण्यास कचरणाऱ्या संस्थेपासून दूर राहणेच हिताचे.

आपली संस्था, आपले उत्तरदायित्व

जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्था स्वतः जाहिरात देऊन शिक्षक निवडू शकतात. त्यामुळे ‘आपलीच शाळा आहे, होऊन जाईल’ अशी समजूत पसरते. शैक्षणिक अर्हता येथेही हवीच आणि अनुदानित पदाला मान्यताही लागते. अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू करावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात मोठ्या पीठाकडे सोपविला. अन्य शाळांतील कार्यरत शिक्षकांनाही, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर, ही परीक्षा उत्तीर्ण होणे त्याच निकालाने बंधनकारक झाले. तेव्हा सवलतीच्या भरवशावर न राहता परीक्षा उत्तीर्ण होणे हेच शहाणपण.

वाचकांपैकी अनेक जण शिक्षण संस्थांचे विश्वस्त आहेत. त्यांच्याकडून अपेक्षा अधिक आहे. निवडीचा अधिकार हाती असताना पुतण्या आणि भाचा यांच्यापलीकडे पाहून उत्तम पाठ घेणारा उमेदवार निवडणे, ही समाजाची खरी सेवा. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली ती जातीपातीच्या पलीकडच्या मुलांसाठी. त्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी जागेचा भाव ठरवू नये.

वर्गातील कसोटी

निवडीची वाट पाहण्याचा काळ रिकामा घालवू नये. जवळच्या खासगी शाळेत अल्प वेतनावर का होईना, एक-दोन वर्षे वर्ग हाताळावा. त्याचे नियुक्तिपत्र आणि अनुभव प्रमाणपत्र घ्यावे. प्रात्यक्षिक पाठासाठी पंधरा मिनिटांचे तीन पाठ सदैव तयार असावेत. शेकडेवारी शिकविताना दुकानातील सूट, सरळव्याज शिकविताना उधारीची वही, वजन-माप शिकविताना तराजू हाताशी घेणाऱ्या शिक्षकाकडे मुले कान देतात. हे साहित्य व्यापाऱ्याच्या घरात आयतेच असते.

बीड जिल्ह्यातील शिक्षकाला आणखी एक तयारी लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर मुलेही गाव सोडतात आणि वर्ग ओसरतो. त्यांना गावात ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात; पण पालकाच्या दारी जाऊन ‘लेकराला शाळेत राहू द्या’ असे सांगणारा शिक्षक नसेल तर ती योजना कागदावरच राहते. मुलाखतीत ‘शिक्षक का व्हायचे आहे?’ असे विचारले जाते. ज्या उमेदवाराने अशा एखाद्या वस्तीवर सुटीत चार मुलांना वाचायला शिकविले असेल, त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही.

घरात आज बी.एड.ला प्रवेश घेतलेले कोणी असेल तर एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर पुढील तीन वर्षांच्या परीक्षा, दुसऱ्यावर हवी असलेली कागदपत्रे, तिसऱ्यावर शुल्क, पुस्तके आणि प्रवास यांचा अपेक्षित खर्च लिहावा. दर महिन्याच्या अखेरीस दुकानाचा मेळ घालताना तीही वही उघडावी. मध्यस्थाला द्यावयाच्या रकमेसाठी मात्र त्या वहीत रकाना आखू नये.