रानडुकरांच्या वाटांचा नकाशा

मंडणगड तालुक्यांत भात पोटरींत आलें कीं रानडुकरांचा उपद्रव वाढतो. एकट्यानें मचाणावर जागून डबा वाजविला, तर कळप शेजाऱ्याच्या शेतांत शिरतो. आपलें राखल्याचें समाधान तेवढें मिळतें. यास्तव गांवच्या गटवार नकाशावर डुकरांच्या वाटा, लोळण्याच्या जागा व दिवसां दडण्याच्या जाळ्या सर्वांनीं मिळून मांडाव्या. पुष्कळशा जाळ्या पडीक टाकलेल्या शेतांतच सांपडतील. मुंबईस राहणाऱ्या खातेदारांस पत्रें घालून त्या तोडवाव्या. हें काम सर्वांत कठीण, पण तेंच प्रथम करावें. नंतर लगतच्या वाड्यांनीं एकाच रात्रीं राखण धरावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें परवानगीवांचून डुक्कर मारतां येत नाहीं. परवानगी वा नुकसानभरपाई मागतांना हाच नकाशा वनखात्यापुढें ठेवावा.