घराची डागडुजी आणि यत्नाचार

सांगलीत ज्याचे स्वतःचे घर आहे, त्या श्रावकाला डागडुजीसाठी वर्षातून फार तर चार महिने मिळतात. माघ सरत आला की थंडी ओसरते, भिंती कोरड्या होतात, कृष्णेचे पात्रही आकसलेले असते. तेथून मृगापर्यंत जे काम उरकेल तेवढेच आपले. पुढे आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसतो. त्या काळात माती उकरू नये, भिंत फोडू नये, हा आपल्या घरांतील जुना दंडक आहे. ओल्या मातीत जीवांची उत्पत्ती अमाप असते आणि कुदळीच्या प्रत्येक घावाखाली ती सापडते. बँकेत जी धावपळ ३१ मार्चला होई, तीच आता घरी मृगाच्या आदल्या आठवड्यात होते.

निवृत्तीनंतर ही कामे मी स्वतःच्या हाताने करू लागलो. काटकसर हे त्याचे कारण नव्हे. हौशी हाताने साहित्य वाया जाते आणि खर्च बहुधा वाढतोच. कारण घडले ते २०१९ च्या महापुराने. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. गावभागातील आमच्या घराच्या भिंतीवर वडिलांनी त्या पुराची खूण करून ठेवली होती आणि तीच शेवटची मर्यादा, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि ती खूण बुडाली. पूर ओसरल्यावर परतलो, तेव्हा सोप्यात गुडघाभर चिखल होता. गल्लीत सगळेच पांढरी पावडर टाकत होते, औषध फवारत होते. आम्हीही फवारले. रोगराईचे भय होते आणि घरात वृद्ध आई होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतीने मधल्या खोलीतला केर सुपलीत भरला आणि ती सुपली माझ्यापुढे धरली. गांडुळे, वाणी, बेडकांची बोटभर पिले, आणि ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत असे असंख्य किडे. दशलक्षण पर्व अवघ्या पंधरा-वीस दिवसांवर आले होते. ती काही बोलली नाही. सुपली घेऊन परसात गेली.

गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वथा टळत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चूल पेटवावी लागते, पाणी तापवावे लागते, घर बांधावे लागते. त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा. उरलेल्या हिंसेत यत्नाचार, म्हणजे जपून वागणे, अपेक्षित आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रमादावर बोट ठेवले आहे. त्या दिवसांत मला वाटू लागले की फवारणी ही प्रमादाच्या साखळीची शेवटची कडी आहे. मोरीला जाळी नव्हती, टाकीला धड झाकण नव्हते, भिंतीच्या भेगा वर्षानुवर्षे तशाच होत्या. जीवांना आत येण्याची वाट आम्हीच मोकळी ठेवली आणि आल्यावर त्यांना मारले. पुरापुढे आपला इलाज नाही हे खरे. पण वर्षातील उरलेल्या दिवसांचे काय?

म्हणून त्या हिवाळ्यात मी थापी हाती घेतली, आणि पहिल्याच कामात मोठी चूक केली. आमच्या मागील भिंतीला परांचीसाठी सोडलेली जुनी भोके तशीच होती. फाल्गुनात ती एकामागून एक सिमेंटने बुजवत सुटलो. खाली गवंडी मामा माल कालवीत होते. त्यांनी विचारले, ‘‘सायेब, आत बॅटरी मारून बघितलंसा न्हवं?’’ मी ‘हो’ म्हणालो. पहिल्या दोन भोकांत पाहिले होते, पुढच्यांत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सौभाग्यवतीने हाक मारली. एक चिमणी तोंडात अळी धरून भिंतीपाशी पुन्हा पुन्हा येत होती आणि बसायला जागा न मिळाल्याने तारेवर परत जात होती. छिन्नीने ते भोक उकरायला अर्धा तास लागला. आत तीन पिले होती. दोन हलत होती.

हातून झालेली चूक वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की ‘जीव आत येऊ नयेत म्हणून बुजवणे’ हे अहिंसेचे काम आहे, या समजुतीतही प्रमाद दडलेला असतो. आपले मुनिमहाराज वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी पाहतात, मग पिंछीने परिमार्जन करतात. आदाननिक्षेपण समिती ती हीच. गृहस्थाच्या डागडुजीलाही तोच क्रम लावला पाहिजे, हे मला त्या भोकाने शिकवले. आता कोणतेही भोक बुजवण्यापूर्वी त्याच्या तोंडाशी गवताची एक काडी आडवी ठेवतो. दोन दिवस ती जागच्या जागी राहिली तर बॅटरी लावून पाहतो, मऊ कुंच्याने आतली जागा झाडतो, आणि मगच चुन्याला हात घालतो. काडी पडलेली दिसली तर ते काम पुढच्या ऋतूवर जाते. कंत्राटदाराच्या माणसाला असे थांबणे परवडत नाही, त्याचा रोज बुडतो. हे काम स्वतः करण्याचे माझ्या दृष्टीने खरे कारण एवढेच.

चुन्याविषयी थोडे सांगतो. जुन्या घरांच्या भिंती माती-विटांच्या असतात. आमच्याकडे त्यांवर कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला होता. पुराचे पाणी भिंतीत शिरले आणि सिमेंटने ते आत कोंडले. पुढे वर्षभर पापुद्रे सुटत राहिले, लोणा फुटला आणि कोपऱ्यांत बुरशी धरली. बुरशी आणि शेवाळ यांत अनंत जीव असतात ही आपली श्रद्धा. वाळवी आणि झुरळेही ओलीच्याच आश्रयाने येतात. म्हणून कमरेपर्यंतचा गिलावा खरवडून काढला, भिंत पूर्ण उन्हाळाभर उघडी ठेवली आणि नंतर एक घमेले चुना, तीन घमेली वाळू या प्रमाणात नवा गिलावा केला. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. भिंत श्वास घेते म्हणतात ते यामुळे. कळीचा चुना निदान पंधरा दिवस पाण्यात मुरवावा. भिजवताना तो उकळतो, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि पाणी ५४ फुटांच्या वर गेले. चुन्याची भिंत तेव्हाही भिजली, पण त्या उन्हाळ्यापर्यंत ती कोरडी झाली होती. शेजारची सिमेंटची भिंत मात्र अजून पापुद्रे सोडते आहे.

परसातील आड हा घरात मतभेदाचा विषय होता. पूर ओसरल्यावर त्यात गाळ साचला होता. तो बुजवून तेथे गाडी लावावी, असे चिरंजिवांचे म्हणणे होते. आई म्हणाली, ‘‘महाराजांच्या आहाराचं पाणी मग कुठनं आणायचं रे बाळा?’’ चातुर्मासात बस्तीत संघ आला की चौक्यासाठी विहिरीचेच पाणी लागते आणि आमच्या गल्लीत ते आमच्याकडूनच जाते. आड राहिला.

गाळ काढणारी माणसे बोलावून तो उपसून घेतला. पुढचा प्रश्न जंतुनाशकाचा होता. पुराने बुडालेल्या आडात ब्लीचिंग पावडर टाकणे आरोग्याच्या दृष्टीने अटळ होते. हिशेब सोपा आहे. आडाचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणावे आणि पुन्हा ०.७८५ ने गुणावे. येतील तितके हजार लिटर पाणी. दीड मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे सात हजार लिटर होतात. एरवी चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे येथे सतरा-अठरा ग्रॅम पुरते; पाण्यात कालवून वरची निवळी टाकावी आणि निदान तासभर थांबावे. पुरानंतर मात्र प्रमाण अधिक लागते. ते आरोग्यसेवकाला विचारून घेतले, एकदाच टाकले आणि त्या दिवसाच्या प्रतिक्रमणात ते मांडले. पुन्हा ही वेळ शक्यतो येऊ नये, याची तजवीज करणे हाती होते.

तजवीज म्हणजे झाकण. लोखंडी पट्ट्यांची चौकट लोहाराकडून करवून घेतली आणि तीवर स्टीलची बारीक जाळी मी स्वतः बसवली. जाळीची छिद्रे डासाला आत जाऊ देणार नाहीत इतकी लहान हवीत. मिलिमीटरहून मोठी नकोत. मध्ये बादलीपुरती एक खिडकी ठेवली, तिला बिजागरी आणि कडी लावली. पाला, पाखरे, उंदीर, मांजराची पिले यांपैकी काहीही आता आत पडत नाही. पूर्वी वर्षातून एखादे तरी पडत असे.

झाकणाबरोबरच जिवाणीची बादली केली. पाणी गाळण्याचे वस्त्र छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद असावे व ते दुहेरी करून वापरावे, असे शास्त्राचे माप आहे. म्हणजे साधारण सत्तावीस इंच बाय अठरा इंच. जाड, नव्या सुताचे, भोक नसलेले. गाळल्यानंतर वस्त्र उलटे करून गाळलेल्या पाण्याने बादलीत धुवायचे, आणि ती जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात, उंचावरून न आपटता, परत सोडायची. त्यासाठी बादलीच्या बुडाला बाहेरून एक कडी जोडून घ्यावी लागते. दोर त्या कडीला बांधतात आणि जाड तारेच्या आकड्याने तो वरच्या दांड्यात हलकासा अडकवतात. बादली पाण्याला टेकली की दोर सैल पडून आकडा सुटतो आणि दोर ओढताच बादली पालथी होते. आकड्याचा बाक नेमका साधायला मला पाच-सहा खेपा लागल्या. बाक जास्त झाला तर आकडा सुटत नाही, कमी झाला तर बादली अर्ध्यावरच उलटते आणि जिवाणी आपटते. आई कठड्याशी बसून प्रत्येक खेपेला नापास करीत होती.

तरुण वाचकांना हे सारे जुनाट वाटत असेल, तर एक गोष्ट सांगतो. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. जुन्या साडीच्या निदान चार पदरांतून पाणी गाळून पिणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. अर्थात सुटे जंतू कापडातून पार होतात. म्हणून गाळलेले पाणी उकळावेच. आपल्याकडेही नुसत्या गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, आणि उकळलेल्या पाण्याची आठ प्रहर सांगितली आहे. नळाच्या पाण्याची जिवाणी कोठे सोडायची, हा प्रश्न मात्र खराच आहे. आमच्याकडे आड आहे म्हणून तो पडला नाही, एवढेच.

गच्चीवरील टाकीकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. झाकण असते, पण टाकी भरून वाहते ती नळी उघडीच असते, आणि डास तेथूनच आत जातो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून त्या नळीच्या तोंडाला जाळी बांधावी आणि आठवड्यातून एकदा घरातील भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे कोरडा करावा. संडासाच्या टाकीची हवेची नळीही उघडी असते. तिलाही जाळी लावावी. या तीन कामांना मला दोन तास आणि तीनशे रुपयांच्या आत खर्च आला. डासांची वडी आमच्या घरात त्यानंतर क्वचितच पेटली आहे.

किरकोळ कामे अशी: मोरीला उचलता येणारी जाळी, दाराच्या चौकटीचे पाय मातीत न ठेवता फरशीच्या तुकड्यावर टेकवणे, म्हणजे वाळवीला सरळ वाट मिळत नाही, जळणाची लाकडे भिंतीपासून हातभर दूर रचणे, परसातील पांढरा दिवा काढून पिवळसर प्रकाशाचा लावणे. पिवळ्या दिव्याभोवती किडे कमी जमतात, त्यामुळे पालीही कमी. विजेच्या तारांना मात्र हात लावू नये. पुरानंतर बटणांचे फलक २०१९ च्या खुणेच्या वर चढवले, ते परवानाधारक माणसाकडूनच.

खताच्या खड्ड्याविषयी माझे मन अजून ठरलेले नाही. पाला जाळणे उघडच वाईट. पण जीव उपजतील अशी जागा मुद्दाम करून पुढे ती फावड्याने उलथायची, हेही मनाला पटत नाही. तूर्त पाला झाडांच्या बुंध्याशी पसरून ठेवतो आणि हलवत नाही.

मागील भिंतीवरचे ते भोक मी पुन्हा बुजवले नाही. त्याच्याशेजारी नऊ-दहा फुटांवर एक लाकडी पेटीही टांगली आहे, तोंड सव्वा इंचाचे, मांजराचा पाय पोहोचणार नाही अशा बेताने. पेटीत अजून कोणी आलेले नाही. भोकात मात्र दर फाल्गुनात काड्या दिसतात. यंदा तिथल्या पन्हळीची नळी बदलायची होती. ते काम जेठापर्यंत लांबणीवर टाकले आहे.