डोरा म्हणजे डोळाच!

चिमूर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही कार्यक्रमानिमित्त गेलो असता एका माउलीने आपली व्यथा सांगितली. तिची लहान मुलगी शाळेत म्हणाली, "मॅडम, माहा डोरा दुखते." मॅडम बाहेरच्या जिल्ह्यातून नव्याने आलेल्या. त्यांना वाटले, पोर दोरा म्हणते आहे. "दोरा कसा दुखेल ग?" असे त्या म्हणाल्या आणि सारा वर्ग हसला. पोरीचे डोळे आले होते. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. माउलीने आम्हाला विचारले, "भाऊ, आमी चुकीचे बोलतो का?"

नाही माय, मुळीच नाही! आपली ही झाडीबोली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात ती बोलली जाते. भंडारा जिल्ह्यातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा आयुष्यभर अभ्यास केला. या बोलीला स्वतःचे नियम आहेत. तिच्यात ण, ळ, श, छ हे उच्चार सहसा येत नाहीत. म्हणून पाणी ते पानी, डोळा तो डोरा, शेत ते सेत आणि छाती ती साती. नियम कळला की शंभर शब्द आपोआप उलगडतात. दवाखान्यात म्हातारा "साती दुखते" म्हणाला आणि डॉक्टरांना ते उमगले नाही, तर जिवाशी गाठ आहे. बाजारात सांबार मागितला तर कोथिंबीर द्यावी. "काय करून राहिला?" म्हणजे "काय करतो आहेस?" एवढे बाहेरून आलेल्या नोकरदारांनी शिकायला काय हरकत आहे?

आपल्याला वाटते, इंग्रजी तरी सगळीकडे एकच असेल. तेही खरे नाही. आज आपली मुले शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला जातात. पुस्तकी इंग्रजी पक्की करून लीड्ससारख्या शहरात उतरतात, आणि तिथली यॉर्कशायरची बोली कानावर पडताच गोंधळतात. तिथे 'नथिंग'ला 'नाउट' आणि 'एनिथिंग'ला 'आउट' म्हणतात. कित्येक घरांत 'डिनर' म्हणजे दुपारचे जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचे. कुणी 'टी'ला बोलावले, तर पोटभर खाऊन जाऊ नये! दुकानदार अनोळखी मुलीलाही 'लव' म्हणतो. त्यात वावगे काही नाही. आपल्याकडचे म्हातारे पोरीला 'माय' म्हणतात, तसेच ते. साहेबाच्या देशात साहेबाचीच भाषा अशी गावोगाव बदलते. मग आपल्यालाच लाज कशाची?

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवला आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचने छंदस् भाषेत बांधू द्यावीत अशी विनंती केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली. धम्म आपापल्या बोलीत शिकण्याची मोकळीक त्यांनी दिली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विनयपिटकातील चुल्लवग्गात ही हकीकत आहे. मज्झिम निकायातही एका भांड्याचे उदाहरण येते. त्याच भांड्याला कुठे पाती म्हणतात, कुठे पत्त, कुठे सराव. आपलाच शब्द खरा असा हट्ट धरू नये, हा त्यातील उपदेश. बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनला शिकले, पण 1920 साली 'मूकनायक' आणि 1927 साली 'बहिष्कृत भारत' त्यांनी काढले ते मराठीत, आपल्या माणसांना कळावे म्हणून.

याचा अर्थ प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकू नये, असा मात्र नव्हे. परीक्षा, नोकरी, कोर्टकचेरी त्याच भाषांत चालते. त्या शिकायलाच हव्यात. परंतु नवी भाषा शिकण्यासाठी आईची बोली टाकावी लागत नाही. घरी मुलाला "नीट बोल" म्हणून दटावू नका. "शाळेत याला डोळा म्हणतात" एवढेच सांगा. तोंड उघडे राहिले, तरच पोर शिकेल.

त्या माउलीला आम्ही म्हटले, उद्या पोरीसोबत शाळेत जा आणि मॅडमना आपले चार शब्द शिकवून या. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना अवघड जाणार नाही.

जयभीम!