दोन चमचे, थोडं थर्माकोल आणि लष्कराची चौकशी

16 जानेवारी 1958. ब्राझीलच्या नौदलाचं ‘आल्मिरान्ते साल्दान्या’ हे जहाज अटलांटिक महासागरातल्या त्रिंदादे बेटापाशी उभं होतं. डेकवर आल्मिरो बाराउना नावाचा छायाचित्रकार होता. बेटावरच्या डोंगरावरून शनीसारखी, मधोमध कडं असलेली एक वस्तू गेली आणि त्याने भराभर फोटो काढले. फिल्म जहाजावरच धुतली. नौदलाने निगेटिव्ह तपासल्या, साक्षी घेतल्या. फोटो राष्ट्राध्यक्ष कुबिचेक यांच्यापर्यंत पोहोचले आणि मग देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले.

पुढचा अंक 2010 मधला. बाराउना तोवर वारले होते. त्यांच्या परिचयातल्या एका बाईंनी ब्राझीलच्या टीव्हीवर सांगितलं की, स्वयंपाकघरातले दोन चमचे एकमेकांवर जोडून आणि मागे घरचा फ्रिज ठेवून ती तबकडी तयार केल्याचं बाराउनांनी स्वतःच त्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना ते पटलं असं नाही, वाद अजून चालूच आहे. पण आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. या घटनेच्या काही वर्षं आधीच बाराउनांनी एका मासिकासाठी उडत्या तबकडीचा बनावट फोटो करून दाखवला होता. हात त्या कामाला सरावलेला होता.

उडत्या तबकड्यांच्या सरकारी फाइली मला मनापासून आवडतात, त्या अशा तपशिलांसाठी. परग्रहावरून कोणी आलं का, हा प्रश्न या फाइलींत फार उशिरा येतो. त्याआधी येतात कॅमेरा, काच, तार, सावली आणि घड्याळ. सगळ्यात आधी येतं अंतर. फोटो सपाट असतो. हातभर अंतरावरचा चमचा आणि मैलभर लांबचं यान त्यात एकाच आकाराचे दिसू शकतात. वस्तू किती लांब होती हे कळलं की तिचा आकार कळतो, वेग कळतो, आणि बहुतेक वेळा नावही कळतं.

एकवीस वर्षं टिकलेला त्रिकोण

1989–90 मध्ये बेल्जियमवर तबकड्यांची लाटच आली होती. काळे त्रिकोण दिसल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1990 च्या मार्चअखेर एका रात्री हवाई दलाने एफ-16 विमानं पाठवली. त्याच सुमारास पेती-रेशँ गावातून एक फोटो आला : काळा त्रिकोण, तीन कोपऱ्यांत तीन दिवे आणि मध्ये एक. ब्रुसेल्सच्या रॉयल मिलिटरी अकादमीतल्या तज्ज्ञांनीही तो तपासला. फसवणुकीचा पुरावा सापडला नाही, आणि तो फोटो या विषयावरच्या पुस्तकांत मानाने छापला जाऊ लागला.

2011 मध्ये फोटो काढणाऱ्यानेच टीव्हीवर येऊन सांगितलं : थर्माकोलचा त्रिकोण कापला, रंगवला, दिवे बसवले, टांगला आणि फोटो काढला. एका संध्याकाळचं काम!

तज्ज्ञ कमी पडले असं मला म्हणवत नाही. फोटोत मागे झाड नव्हतं, घर नव्हतं, क्षितिज नव्हतं. नुसता अंधार आणि दिवे. मोजायलाच काही नसेल तर मोजणार काय?

कोचाखाली सापडलेली निगेटिव्ह

माझी सगळ्यात लाडकी फाइल अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली. 11 मे 1950 रोजी मॅकमिनव्हिलजवळच्या एका शेतकरी जोडप्याने आपल्या अंगणातून तबकडीचे दोन फोटो काढले. पुढे काय केलं? काही नाही. रोलमध्ये फोटो शिल्लक होते, ते संपेपर्यंत थांबले. जूनमध्ये स्थानिक वार्ताहर घरी आला तेव्हा निगेटिव्ह कोचाखाली जमिनीवर पडलेल्या होत्या. मुलं त्यांच्याशी खेळत होती. त्याच महिन्यात ते फोटो ‘लाइफ’ मासिकात छापून आले.

मग निगेटिव्ह हरवल्या, त्या चांगल्या सतरा वर्षांसाठी. अमेरिकी हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाला पैसे देऊन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या हाताखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा समितीच्या लोकांनी त्या एका वृत्तसंस्थेच्या दप्तरातून शोधून काढल्या. फोटो तपासायचं काम विल्यम हार्टमन या तरुण खगोलशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने काय केलं ते बघा. लांबचे डोंगर आपल्याला फिके का दिसतात? मधल्या हवेतलं धुकं आणि धूळ त्यांच्या काळोख्या भागांवर उजेडाचा थर चढवतात. हार्टमनने तबकडीच्या सावलीतल्या तळाचा काळेपणा मोजला, अंगणातल्या वस्तूंच्या काळेपणाशी ताडून पाहिला, आणि गणित सांगू लागलं की ही वस्तू बरीच लांब आहे. म्हणजे आकाराने मोठी. आपण जे पाहिलं ते खरोखर विलक्षण होतं या साक्षीदारांच्या सांगण्याशी सगळे घटक जुळतात, असं त्याने अहवालात लिहिलं. एरवी संशयी असलेल्या त्या अहवालात हे वाक्य उठून दिसतं.

नंतर रॉबर्ट शेफर आणि फिलिप क्लास या संशयवादी अभ्यासकांनी त्याच फोटोंतल्या सावल्या पाहिल्या. जोडप्याच्या म्हणण्याप्रमाणे वेळ संध्याकाळची होती. गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्या मात्र सकाळचा सूर्य दाखवत होत्या. मळक्या लेन्समुळेही काळा भाग फिका होऊ शकतो, असंही त्यांनी मांडलं. हार्टमनने हे मुद्दे मान्य केले आणि आपला जोरकस निष्कर्ष सैल केला. छापून झालेलं मत असं बदलायला मोठं मन लागतं. 1975 मध्ये याच हार्टमनने डोनाल्ड डेव्हिस यांच्यासोबत एक कल्पना मांडली : एका प्रचंड टकरीत पृथ्वीचा तुकडा उडाला आणि त्यातून चंद्र घडला. आज चंद्राच्या जन्माची तीच कथा सर्वाधिक मानली जाते.

मॅकमिनव्हिलला आता दर मे महिन्यात तबकडीचा उत्सव भरतो.

खिडकीचा दोष, कॅमेऱ्याचा दोष

16 जुलै 1952 ला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे तटरक्षक दलाच्या छायाचित्रकाराने आपल्या खोलीतून चार तेजस्वी गोळे टिपले. हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या तबकड्यांच्या चौकशी मोहिमेने पुढे त्याचा लावलेला अर्थ असा : बंद खिडकीच्या काचेत खोलीतल्याच दिव्यांचं प्रतिबिंब. विमानातून, बसमधून रात्री फोटो काढणाऱ्या कोणालाही हे चटकन पटेल.

अंतराळवीरही यातून सुटले नाहीत. 1965 मध्ये जेमिनी-4 मधून जेम्स मॅकडिव्हिट यांनी एक अनोळखी वस्तू पाहिल्याचं सांगितलं. त्यांच्या फिल्ममधून एक फोटो निवडून प्रसिद्धही झाला, आणि मॅकडिव्हिट यांनीच पुढे सांगितलं की त्या फोटोतली चमक म्हणजे खिडकीवरचं प्रतिबिंब आहे. अपोलो-16 ची गोष्ट तर बत्तीस वर्षं चालली. 1972 मध्ये चंद्रावरून परतताना घेतलेल्या चित्रफितीत जेमतेम चार सेकंद एक तबकडी दिसते, घुमटासकट. 2004 मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या छायाचित्र विश्लेषण गटाने एकेक चौकट जुळवून उत्तर दिलं : यानाच्याच बाहेर दांड्यावर बसवलेला दिवा. यानाबाहेर काम करताना उजेड मिळावा म्हणून तो होता.

1998 च्या डिसेंबरातला ‘काळा सरदार’ माहीत असेलच. हजारो वर्षं पृथ्वीभोवती फिरणारा परग्रहवासीयांचा उपग्रह म्हणून जो काळा, वेडावाकडा तुकडा सगळीकडे दाखवला जातो, तो फोटो नासाच्या एंडेव्हर यानातून काढलेला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे पहिले दोन भाग जोडायला ती मोहीम गेली होती. तिथे काम करताना एक उष्णतारोधक आच्छादन निसटलं. नासाच्या यादीत ते अंतराळातला कचरा म्हणूनच नोंदलेलं आहे. काही दिवसांत ते वातावरणात शिरून जळूनही गेलं.

अमेरिकी नौदलाचे हिरवे त्रिकोण आठवतात? 2019 मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रावर टिपलेले, लुकलुकणारे. मे 2022 मध्ये अमेरिकी संसदेत पन्नासहून अधिक वर्षांनी या विषयावर खुली सुनावणी झाली. तिथे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे उपसंचालक स्कॉट ब्रे यांनी समजावलं की अंधारात पाहण्याच्या दुर्बिणीतून आलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरताना त्रिकोणी झाला. कॅमेऱ्याचं छिद्र ज्या आकाराचं, त्याच आकाराचे फोकस सुटलेले दिवे दिसतात. घरच्या कॅमेऱ्यावर करून पाहा : काळ्या कागदाला बदामाच्या आकाराचं भोक पाडून लेन्सवर लावा आणि लांबचे दिवे मुद्दाम धूसर टिपा. रस्ताभर बदाम दिसतील.

आणि ‘गोफास्ट’! 2015 मधल्या या चित्रफितीत समुद्राला चिकटून काहीतरी सुसाट पळताना दिसतं. नासाने नेमलेल्या सोळा जणांच्या गटाने 2023 मध्ये पडद्यावर उमटलेले कोनांचे आणि अंतराचे आकडे घेऊन साधी त्रिकोणमिती केली. वस्तू समुद्रालगत नव्हती, सुमारे 13,000 फुटांवर होती. वेग ताशी सुमारे 64 किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याबरोबर जाण्याइतका. पळत होतं ते चित्रण करणारं लढाऊ विमान.

पँगाँगवरचे दोन पाहुणे

आता आपल्याकडे येऊ. 2012 च्या ऑगस्टपासून 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांनी आकाशात अनोळखी तेजस्वी वस्तू 329 वेळा पाहिल्याची नोंद केली. त्यातल्या 155 वेळा त्या आपल्या हद्दीत आल्यासारखं वाटलं. सीमेपलीकडून टेहळणीसाठी ड्रोन सोडले जात असावेत हा संशय अगदी रास्त होता. काम बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आलं. लडाखमध्येच हानले इथे या संस्थेची वेधशाळा आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी जवानांना सांगितलं : वस्तू कोणत्या दिशेला, किती उंचीवर आणि किती वाजता दिसते ते लिहून ठेवा, ताऱ्यांच्या संदर्भात ती कशी सरकते ते पाहा. नोंदी आल्या आणि उत्तर मिळालं : एक गुरू, दुसरा शुक्र. 2012 च्या डिसेंबरात गुरू सूर्याच्या बरोबर समोर, रोहिणीच्या शेजारी होता, त्यामुळे रात्रभर झळकत होता. आणि शुक्र पहाटे पूर्वेला उगवत होता. सुमारे 14,000 फुटांवरच्या त्या विरळ, स्वच्छ हवेत हे दोन ग्रह इतके प्रखर दिसतात की मुंबई-पुण्याच्या आकाशाला सरावलेल्या माणसाला ते सांगूनही खरं वाटणार नाही. हाडं गोठवणाऱ्या थंडीत पहारा करताना त्या जवानांनी शेकडो नोंदी नेटाने लिहून ठेवल्या, म्हणूनच हे कोडं सुटलं.

हिमाचलमधल्या समुद्र टापू हिमनदीची गोष्ट मात्र अशी सुटली नाही. सप्टेंबर 2004 मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे हिमनदीतज्ज्ञ अनिल कुलकर्णी यांच्या पथकाला तिथे चारेक फूट उंचीची, यंत्रमानवासारखी दिसणारी पांढरी आकृती सरकताना दिसली. पुढे छापून आलेल्या वृत्तांतानुसार पथकाने तिचे फोटो काढले, कुलकर्णींनी प्रत्येक सदस्याला वेगवेगळं बोलावून विचारलं आणि अहवाल वरपर्यंत पाठवला. तो फुगा असावा असं काहींचं मत. मला यात भावतं ते साक्षीदारांना वेगळं बसवून विचारणं. एकत्र गप्पा झाल्या की चार जणांच्या आठवणी मिसळून एक होतात.

उरलेसुरले

‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ 1969 मध्ये बंद झाला तेव्हा 12,618 नोंदी झाल्या होत्या, त्यातल्या 701 अनुत्तरित. त्याचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक 1977 च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटात क्षणभर दिसतात.

फ्रान्सची अंतराळ संस्था हे काम तुलूझमधून 1977 पासून करते आहे. तिचा गट प्रत्येक प्रकरणाला अ, ब, क, ड असा दर्जा देतो, आणि अगदी मोजकीच प्रकरणं ‘ड’मध्ये, म्हणजे न उलगडलेल्यांत, राहतात.

स्कॉटलंडमधल्या कॅल्व्हिनजवळ ऑगस्ट 1990 मध्ये काढलेले फोटो एका वृत्तपत्राने ब्रिटिश संरक्षण खात्याकडे दिले आणि ते छापलेच गेले नाहीत. एक प्रिंट हवाई दलाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने, क्रेग लिंडसे यांनी, तीसेक वर्षं जपून ठेवली होती. संशोधक डेव्हिड क्लार्क यांनी त्यांना गाठलं आणि 2022 मध्ये जगाने तो फोटो पाहिला. त्या पतंगाच्या आकाराच्या वस्तूचं कोडं अजून कायम आहे.

त्याच 2022 सालच्या 2 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांच्या मोबाइलमध्ये जळत जाणाऱ्या रेषा टिपल्या गेल्या. इथे चौकशीला फोटोवर थांबावं लागलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं, आसपास गोळेही सापडले. ते सगळं पोलीस ठाण्यात जमा झालं आणि इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. हा चिनी रॉकेटचा भाग असावा, असं रॉकेटांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सुचवलं होतं.

तुम्हाला असं काही दिसलंच, तर फोटोत झाड, इमारतीचा कोपरा, विजेचा खांब असं काहीतरी येऊ द्या. वेळ आणि दिशा लगेच लिहा. हात समोर ताठ धरून मूठ वळली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. क्षितिजापासून किती मुठी वर ते मोजा. सोबतच्यांशी चर्चा करण्याआधी प्रत्येकाला आपापलं टिपण करू द्या. खिडकीतून काढला असेल तर खोलीतला दिवा बंद करून पुन्हा काढा. आणि मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, आणि कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही माहितीही त्यातून निघून जाते.