वळणाचा जिना आणि पावलाचे माप

नवे घर बांधणाऱ्याला वळणाच्या जिन्याचा मोह फार असतो. पूर्वी ही हौस मोठ्या वास्तूंनाच परवडे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे दगडी चक्री जिने आजही पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात. त्याच इमारतीचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. तिचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईस न येता इंग्लंडात केला होता. आज बालाघाटमध्ये वैनगंगेकाठी घर बांधू पाहणारे कुटुंबही आपला जिना संगणकावर रेखाटू शकते. कारण स्वीट होम थ्री-डीसारखी गृहरचनेची प्रणाली विनामूल्य मिळते.

परंतु येथेच फसगत होण्याचा संभव असतो. प्रणालीतील तयार जिना आराखड्यात ठेवला आणि जागा अपुरी पडली, तर त्याची कड ओढून तो लहान करता येतो. पायऱ्यांची संख्या तीच राहते, चित्रही सुबक दिसते. मात्र प्रत्येक पायरी अरुंद झालेली असते.

म्हणून चित्राआधी हिशेब करावा. समजा, खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची ३०६ सेंटिमीटर आहे. तिचे १८ चढ केले, तर प्रत्येक चढ १७ सेंटिमीटरांचा होतो आणि मध्ये १७ पायऱ्या येतात. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल यांनी चढाची दुप्पट आणि पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी, असा नियम सांगितला. आज ही बेरीज साधारणतः ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. पायरी २८ सेंटिमीटर रुंद ठेवली, तर बेरीज ६२ होते.

वळणाच्या जिन्यात पायरी आतल्या बाजूस निमुळती आणि बाहेरच्या बाजूस रुंद असते. तेव्हा ही २८ सेंटिमीटर रुंदी मोजायची ती मधोमध, म्हणजे माणूस जेथून चालतो त्या रेषेवर. अर्धवर्तुळाकार जिन्यात या रेषेची त्रिज्या सुमारे १५२ सेंटिमीटर येते. जिना ९० सेंटिमीटर रुंद असेल, तर बाहेरचा व्यास जवळजवळ १३ फूट होतो. हाच जिना १० फुटांत कोंबला, तर मधोमध पायरी जवळजवळ वीस सेंटिमीटर आणि आतल्या कडेला जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर उरते. राष्ट्रीय इमारत संहितेने निवासी घरातील पायरीसाठी किमान २५ सेंटिमीटर रुंदी सांगितली आहे. रात्री आतला कठडा धरून उतरणाऱ्या आजीचे पाऊल अशा पायरीवर अर्धे अधांतरीच राहणार.

जागा तेरा फुटांची नसेल, तर मध्ये विसाव्याचा चौक असलेला दोन वळशांचा सरळ जिना उत्तम. जागा असेल, तर संगणकातील मापे मिस्त्रीच्या हाती द्यावीत आणि बांधकामापूर्वी जमिनीवर फक्कीने प्रत्येक पायरी पूर्ण मापात आखून घ्यावी. मग घरातील सर्वांत वृद्ध माणसाला त्या रेषांवरून एकदा चालावयास सांगावे. त्यांचे पाऊल रेषेत मावत नसेल, तर आराखडा बदलावा. त्या वेळी बदल करण्यास केवळ चिमूटभर फक्की लागते. सिमेंट ओतल्यावर मात्र तो जिना फोडावा लागतो.